जुन्या गस्ती विमानाचं इंजिन जमिनीवर चालवताना: बडोद्यातल्या नव्या स्वयंसेवकांसाठी

लिबरेटरच्या इंजिनाचा आवाज ऐकायला म्हणून माणूस शेडवर येतो, आणि पहिल्या रविवारी त्याच्या हातात रॉकेलचा डबा, ब्रश आणि डांबरासारखं घट्ट झालेलं ग्रीस येतं. हे आधीच सांगितलेलं बरं. इंजिन चालतं वीस मिनिटं. त्याच्या अलीकडे आणि पलीकडे दोन-दोन दिवसांचं काम असतं, आणि इंजिन खराब होतं ते बहुतेक याच कामात. चालू असताना क्वचितच.

हा लेख प्रॅट अँड व्हिटनीचं आर-१८३० ट्विन वास्प ट्रेलरच्या स्टँडवर बसवून चालवणाऱ्यांसाठी आहे. बी-२४ लिबरेटरला अशी चार इंजिनं असत. महायुद्ध संपल्यावर कानपूरच्या चकेरीवर टाकून दिलेली लिबरेटर विमानं एचएएलने १९४८ च्या सुमारास दुरुस्त करून हवाई दलाला दिली, आणि सहाव्या स्क्वाड्रनने ती समुद्रावरच्या गस्तीसाठी १९६८ पर्यंत वापरली. डकोटा या वाहतुकीच्या विमानालाही हेच इंजिन, म्हणून जगात त्याचे सुटे भाग अजून मिळतात. मात्र डकोटाचं आणि लिबरेटरचं मॉडेल वेगळं. सिलिंडर, प्लग, मॅग्नेटो (प्लगच्या ठिणगीसाठी वीज बनवणारं यंत्र) बरेचसे जुळतात, पण कार्ब्युरेटर आणि ब्लोअर (सिलिंडरकडे हवा दाबून पाठवणारा पंखा) जुळेलच असं धरून पैसे पाठवू नका. आधी डेटा प्लेटचा फोटो, मग ऑर्डर.

बडोद्यात विमान म्हटलं की आता सी-२९५ हे हवाई दलाचं वाहतुकीचं विमान आठवतं. २०२४ च्या ऑक्टोबरात त्याच्या कारखान्याचं उद्घाटन झालं. पण टर्बाइनवर शिकलेल्यांनी इथे थोडं विसरूनच यावं. इथे चौदा सिलिंडर, अठ्ठावीस प्लग, दोन मॅग्नेटो आणि तीस लिटरचं इंजिन आहे, आणि त्याच्या तक्रारी वेगळ्या आहेत.

१. आधी कागद

फाइल कंटाळवाणी असते, पण नड निघाली की तीच लागते. तिच्यात एवढं हवं:

- जागेच्या मालकाची लेखी परवानगी. त्यात 'इंजिन चालवणे' हे शब्द स्पष्ट हवेत, 'विमान ठेवणे' पुरेसं नाही.
- इंजिनाचं लॉगबुक, खरेदीची पावती, बाहेरून आणलं असेल तर कस्टमचे कागद.
- तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचा विमा.
- अग्निशमन दलाला दिलेल्या पत्राची पोच.
- प्रत्येक स्वयंसेवकाचा रक्तगट आणि घरचा फोन.
- रन शीट, म्हणजे प्रत्येक वेळी भरायचा आकड्यांचा तक्ता.

इंधनाचा नियम नीट समजून घ्या, कारण इथे पुष्कळ जण नकळत चुकतात. एव्हगॅस, म्हणजे पिस्टन इंजिनाच्या विमानांचं पेट्रोल, हे क्लास ए पेट्रोलियम. विक्रीसाठी नसेल तर एकूण तीस लिटरपर्यंत परवान्याशिवाय ठेवता येतं. त्यापुढे पेसोचा, म्हणजे केंद्राच्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेचा, परवाना लागतो. स्वस्त पडतं म्हणून दोनशे लिटरचं बॅरल आणून कोपऱ्यात उभं केलं की नियम मोडलाच, आणि विम्याचा दावाही बहुधा गेलाच. स्टँडवरच्या टाकीतलं इंधनही या तीस लिटरमध्ये मोजा.

२. सामान

- इंची पाने आणि सॉकेट. मिलिमीटरचा सेट घरी ठेवा.
- लॉकवायर (बोल्ट ढिले होऊ नयेत म्हणून बांधायची तार) ०.०३२ आणि ०.०४१ इंच, आणि ती पिळण्याची पक्कड.
- टॉर्क रेंच, तपासून आणलेला.
- प्रत्येक प्लगसाठी नवा कॉपर गास्केट.
- बारा व्होल्टच्या ट्रकच्या दोन बॅटऱ्या, दीडशे अँपिअर-अवरच्या पुढच्या. सिरीजमध्ये जोडून चोवीस व्होल्ट.
- कार्बन डायऑक्साइडचे किमान दोन मोठे अग्निशामक. पावडरचाही एक असू द्या, पण शेवटचा उपाय म्हणून. ती पावडर ॲल्युमिनियम खाते. आग विझते आणि इंजिन सहा महिन्यांनी जातं.
- इअर प्लग आणि त्यावर इअर मफ. एकावर भागत नाही.
- काचेची रुंद तोंडाची बरणी, ट्रे, चाकांना लावायचे लाकडी ठोकळे.

कपडे सुती. नायलॉनचं जॅकेट, ओढणी, गळ्यातलं ओळखपत्र, वरच्या खिशातलं पेन, सगळं गेटवर काढून ठेवायचं.

३. पहिले काही रविवार: कशाला हात लावायचा, कशाला नाही

पुसणं, खुणा करणं, फोटो काढणं, चिठ्ठी बांधणं. नव्या माणसाचं काम एवढंच, आणि ते कमीपणाचं मुळीच नाही. काढलेला प्रत्येक भाग काढण्याआधी दोन बाजूंनी फोटोत हवा, आणि पिशवीवर 'कुठून काढला' लिहिलेलं हवं. 'लक्षात राहील' म्हणून ठेवलेला बोल्ट कधीच लक्षात राहत नाही.

मकरपुरा जीआयडीसीत वाटेल तो बोल्ट मिळतो, आणि तिथेच फसायला होतं. पाच-सोळांश इंच म्हणजे ७.९४ मिमी, त्यामुळे एम-८ चा बोल्ट त्या भोकात दोन आटे गोडीत जातो. मग अडतो. 'थोडा जोर लाव' म्हटलं की केसिंगमधले आटे निघून येतात. जीआयडीसीतून स्टँडचं वेल्डिंग करून घ्या, बुश टर्न करून घ्या, ट्रे बनवून घ्या. इंजिनात मात्र एएन दर्जाचाच, म्हणजे विमानांसाठीच्या मानकाचाच, बोल्ट.

जुन्या पॅनलवरच्या अंधारात चमकणाऱ्या घड्याळांवर बहुधा रेडियमचा, म्हणजे किरणोत्सारी, रंग असतो. काच उघडायची नाही, खरवडायचं नाही, घरी न्यायचं तर नाहीच. एक्झॉस्टभोवतीची जुनी पांढरी पट्टी ॲस्बेस्टॉसची असू शकते, ती कोरडी ओढू नका. केसिंगचे काही भाग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असतात. त्यांना पाण्याचा फवारा आणि तारेचा ब्रश दोन्ही वर्ज्य.

प्लग हातातून पडला तर तो कचऱ्यात. दिसायला धड असला तरी आतल्या इन्सुलेटरला तडा गेलेला असतो, आणि तो तडा मॅग्नेटो तपासताना छळतो.

४. स्टँड, माती आणि मांजा

प्रॉपेलर तीन पात्यांचा, साधारण साडेअकरा फुटांचा, म्हणजे मध्यापासून टोक पावणेदोन मीटरवर. टोक आणि जमीन यांत निदान अर्धा मीटर हवा, म्हणून शाफ्टचा मध्य सव्वादोन मीटरपेक्षा खाली नको. इंजिन सहाशे किलोच्या पुढे-मागे आणि ते एवढं उंच टांगलेलं, तेव्हा ट्रेलर रुंद हवा आणि चारही कोपऱ्यांना जॅक हवेत.

पूर्ण ताकदीला हा पंखा टनापेक्षा जास्त ओढतो. स्टँडवर आपण तिथपर्यंत जाणारच नाही, पण बांधायचं त्या हिशोबाने. बडोद्याभोवतीची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. मे महिन्यात घट्ट ठोकलेली खुंटी जुलैत हाताने निघते. खुंट्यांवर विसंबू नका. काँक्रीटची पट्टी ओता आणि तिच्यातच सळईच्या कड्या पुरून घ्या. त्याच पट्टीमुळे खडेही उडत नाहीत. चालवण्याआधी ती झाडून, मग पाणी मारून घ्यायची.

तोंड वाऱ्याकडे. पावसाळ्याआधी इथे वारा नैर्ऋत्य-पश्चिमेचा असतो, म्हणून स्टँड कायमचा एका दिशेला गाडू नका. समोर आणि बाजूला पंधरा मीटर, मागे तीस मीटर मोकळं. प्रॉपेलरच्या रेषेत, म्हणजे बरोबर बाजूला, कोणीच उभं राहायचं नाही, दूरसुद्धा.

आता खास बडोद्याची गोष्ट. उत्तरायणाच्या आधी आठ दिवस आणि नंतर चांगले तीन आठवडे इंजिन चालवू नये. चौदा-पंधरा जानेवारीला आकाशातून पडलेला मांजा कडुनिंबात, तारांवर लोंबत राहतो आणि फेब्रुवारीतही वाऱ्याने सुटतो. तो प्रॉपेलरमागे शाफ्टवर गुंडाळला गेला की सीलमध्ये घुसतो. काचेचा लेप असलेला दोरा सीलचं काय करतो ते सांगायला नको. त्यानंतरही प्रत्येक वेळी आसपासची झाडं बघा आणि काऊलच्या (इंजिनाभोवतीच्या पत्र्याच्या आवरणाच्या) आतली जागा हात घालून तपासा.

त्याच वेळी हवेच्या तोंडात खारीचं किंवा मैनेचं घरटं आहे का बघा, आणि टाकीच्या वेंटमध्ये सळई घाला. कुंभारीण माशी मातीने ते भोक बुजवते. वेंट बंद असला तर इंजिन पाच मिनिटं छान चालतं आणि मग इंधनाचा दाब पडत जातो. माणसं पंप उघडून बसतात, दोष मातीच्या गोळीचा असतो.

५. इंधन आणि ऑइल

इंधन एव्हगॅस १००एलएल. २०२२ पासून ते आपल्या कोयलीच्या गुजरात रिफायनरीत बनतं, त्याआधी देशात लागणारं सगळं आयात व्हायचं. पंपावरचं पेट्रोल नको. ऑक्टेनचा प्रश्न आहेच, पण खरा घात इथेनॉलचा. कार्ब्युरेटरमधले जुने पडदे आणि रबरी नळ्या त्याने फुगतात, आणि ते सुकल्यावर चिरतात.

भरण्याआधी डब्याची आणि टाकीची वायर जोडून घ्या, स्थिर विजेसाठी. तळातून बरणीभर काढा. पाणी असेल तर खाली वेगळा थर दिसतो. नवखा एक चूक हमखास करतो: बरणीभर पाणीच आलं तर थर दिसतच नाही, आणि तो 'स्वच्छ आहे' म्हणून मोकळा होतो. १००एलएल निळसर असतं. निळं नसेल तर ते १००एलएल नाही.

या इंधनात शिसं असतं. शेडवर सेवउसळ मागवायची पद्धत चांगली आहे, फक्त साबणाने हात धुतल्याशिवाय पावाला हात नाही.

ऑइल डब्ल्यू-१२०, थंडीत डब्ल्यू-१०० चालतं. इंजिन वर्षानुवर्षं साध्या मिनरल ऑइलवर चाललं असेल तर एकदम डिस्पर्संट (गाळ सुटा करून तरंगत ठेवणारं) ऑइल घालू नका. आतला जुना गाळ सुटून जाळ्या तुंबतात. खूप दिवस उभं असलेल्या इंजिनाला सुरू करण्याआधी बाहेरून पंपाने कोमट ऑइल भरायचं, गेजवर दाब दिसेपर्यंत. त्या वेळी प्लग काढलेले हवेत.

६. हाताने पाती फिरवणं

हे प्रकरण सावकाश वाचा. गोल इंजिनाला खालच्या बाजूलाही सिलिंडर असतात. आर-१८३० मध्ये सगळ्यात खाली ७, ८ आणि ९, त्यांच्या शेजारी ६ आणि १०. इंजिन उभं राहिलं की ऑइल रिंगांवरून हळूहळू खाली उतरतं आणि या सिलिंडरच्या डोक्यात साठतं. हवा दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. पिस्टन वर आला आणि वाट अडलेली असली की स्टार्टरची सगळी ताकद लिंक रॉडवर, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्यावर, येते. रॉड वाकतो, अगदी एखाद-दोन मिलिमीटर. इंजिन त्या दिवशी मजेत चालतं. काही तासांनी तोच रॉड तुटतो आणि केसिंग फोडून बाहेर येतो.

म्हणून क्रम असा:

दोन्ही मॅग्नेटो बंद, मिक्श्चर कट-ऑफ (म्हणजे इंधन तोडलेलं), बॅटरीची तार काढलेली. तरीही प्रॉपेलर 'जिवंत' आहे असंच समजून वागायचं, कारण मॅग्नेटोची अर्थ वायर तुटलेली असेल तर स्विच बंद असूनही ठिणगी पडते. गरम इंजिनाचा पंखा हाताने फिरवायचाच नाही.

एका पात्यावर दोघं. तळहात सपाट, बोटं कडेवरून मागे वळवायची नाहीत. मागून बघताना घड्याळाच्या दिशेने. एक पातं खाली आणलं की बाजूला व्हा, मग पुढचं.

किती पाती? गिअर १६ ला ९ असा आहे, म्हणजे क्रँकच्या सोळा फेऱ्यांना प्रॉपेलरच्या नऊ. क्रँकच्या दोन फेऱ्यांत प्रॉपेलर सव्वा फेरीला थोडा कमी फिरतो, म्हणजे साडेतीन पात्यांच्या आत सगळे सिलिंडर एकदा दाबून होतात. मग चार पाती पुरायला हवीत. पण ऑइल इनटेकच्या नळ्यांतही साठतं आणि पुढच्या फेऱ्यांत आत ओढलं जातं. म्हणून पंधरा मोजायची, मोठ्याने.

दाब आणि अडथळा यांतला फरक हाताला कळतो. दाब कापसाच्या गादीसारखा लागतो: रेटलं की फुसफुसत सरकतो. ऑइल भिंतीसारखं लागतं. भिंत लागली की थांबा. जोर लावू नका, आणि पंखा उलटाही फिरवू नका. उलटा फिरवला की अडथळा गेल्यासारखा वाटतो, प्रत्यक्षात ऑइल इनटेकच्या नळीत ढकललं जातं आणि सुरू होताना परत आत येतं. या एका चुकीने कितीतरी इंजिनं घालवली आहेत. खालच्या पाचही सिलिंडरचा एकेक प्लग काढा, ट्रे धरा, पंखा सुलट फिरवून सगळं गळू द्या, इनटेकच्या नळ्यांचे ड्रेन उघडा. मग नवे गास्केट घालून प्लग लावा आणि पंधरा पाती पुन्हा पहिल्यापासून.

७. सुरू करणं

माणसं चार: पॅनलवर एक, अग्निशामक घेऊन एक, समोर खुणा करणारा एक, गेटवर एक. आवाजात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून खुणा आधी ठरवा. गळ्यावरून हात फिरवला की ताबडतोब बंद, कोणीही केला तरी आणि कारण न विचारता.

काऊल फ्लॅप (काऊलमधली गरम हवा बाहेर सोडणाऱ्या झडपा) पूर्ण उघडे. थ्रॉटल अर्धा इंच. मिक्श्चर कट-ऑफ. बूस्टर पंप चालू, इंधनाचा दाब १४ ते १६ पीएसआय. प्रायमर (सुरू करताना थोडं जास्तीचं पेट्रोल थेट आत सोडणारा) डिसेंबरच्या सकाळी चार-पाच सेकंद, मे महिन्यात एक-दोन, गरम इंजिनाला अजिबात नाही. जास्त झालं की पेट्रोल भिंतींवरचं ऑइल धुऊन नेतं आणि खाली ठिबकायला लागतं. ठिबकत असताना स्टार्टर दाबू नका.

समोरच्याने 'मोकळं' अशी खूण केली की स्टार्टर. पहिली सहा पाती मॅग्नेटो बंद ठेवूनच मोजा. सहावं गेलं की मॅग्नेटो दोन्हींवर. धूर, दोन-चार सिलिंडरची खोकल्यासारखी धडधड, मग ते प्रायमरवर धरतं. धरल्यावरच मिक्श्चर ऑटो-रिचवर (म्हणजे इंधन चालू). स्टार्टर सलग तीस सेकंदांपेक्षा जास्त नाही, नंतर त्याला गार होऊ द्या.

बॅकफायर होऊन हवेच्या तोंडात जाळ दिसला तर हात स्टार्टरवरून काढू नका. मिक्श्चर कट-ऑफ, पंप बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि फिरवत राहा. इंजिन जाळ आत ओढून घेतं. तेवढ्याने गेला नाही तरच कार्बन डायऑक्साइड.

तीस सेकंदांत ऑइलचा दाब दिसला नाही तर बंद. 'गेज खराब असेल' हा विचार बंद केल्यावर करायचा.

८. चालू असताना

हजार ते बाराशे आरपीएमवर ऑइल चाळीस अंश होईपर्यंत थांबा. आठशेच्या खाली चालवलं की प्लग काळे होतात. लवकर तापावं म्हणून काऊल फ्लॅप मिटू नका, हार्नेस (प्लगच्या तारांचा जुडगा) भाजतं. बडोद्याच्या मे महिन्यात तापायला वेळ लागत नाही, गार राहणं कठीण जातं. मागच्या ओळीतल्या सिलिंडरना उभ्या इंजिनात पुरेशी हवा मिळत नाही. सिलिंडर हेड २०० अंशांकडे सरकायला लागलं की थ्रॉटल कमी करा. २३२ ही उड्डाणातली मर्यादा आहे, तिच्या जवळ जायचं स्टँडवर काही कारण नाही.

पंधराशे-सोळाशे आरपीएमला मॅग्नेटो तपासा. एकेक बंद करताना शंभर आरपीएमपेक्षा जास्त घट नको. उजवा मॅग्नेटो पुढचे प्लग पेटवतो, डावा मागचे, त्यामुळे दोष कोणत्या बाजूला शोधायचा ते लगेच कळतं. दोन्हींवर घट शून्य असेल तर खूश होऊ नका. बहुधा स्विचच काम करत नाही.

हजार आरपीएमला मिनिटाला साधारण एक ते दीड लिटर इंधन जातं. तीस लिटरचा हिशोब त्यावरून बांधा.

दर रविवारी पाच मिनिटं चालवून पाहुण्यांना दाखवणं हा सगळ्यात लाडका आणि सगळ्यात वाईट प्रकार. जळताना तयार झालेलं पाणी ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल सत्तरच्या वर गेल्याशिवाय ते उडून जात नाही. पाच मिनिटांत ते तिथेच राहतं आणि आम्ल बनतं. महिन्यातून एकदा वीस मिनिटं चालवा, नाहीतर चालवूच नका.

९. बंद करणं

हजार आरपीएमवर हेड १५० च्या आसपास येऊ द्या. मग अर्धा मिनिट बाराशे, म्हणजे स्कॅव्हेंज पंप तळातलं ऑइल टाकीत परत ओढतो. पुढच्या वेळचा सहावा टप्पा याने पुष्कळ सोपा होतो. मिक्श्चर कट-ऑफ. पंखा थांबल्यावर मॅग्नेटो, मग बॅटरी.

खाली ट्रे सरकवा. तासाभराने ऑइलची जाळी काढून पांढऱ्या फडक्यावर झटका आणि लोहचुंबक फिरवा. काळे कण कार्बनचे, बोटांत चुरडतात. चुंबकाला चिकटणारे पापुद्रे किंवा पितळी चमक दिसली तर इंजिनावर 'चालवू नये' अशी पाटी लावा आणि जाणकाराला बोलवा. रन शीट त्याच दिवशी भरा.

१०. जून ते सप्टेंबर

पावसाळ्यात इंजिन चालवायचं नाही, झोपवायचं. शेवटच्या रनआधी ऑइलमध्ये गंजरोधक मिसळून ते सगळीकडे फिरू द्या. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून गंजरोधक ऑइल फवारा आणि तिथे सिलिका जेलचे प्लग बसवा. एक्झॉस्ट, हवेचं तोंड, ब्रीदर, सगळं मेणकापडाने बंद करा आणि प्रत्येकावर लाल पट्टी सोडा. विश्वामित्रीचं पाणी कुठवर येतं ते शेजारच्या जुन्या माणसाला विचारा. बॅटऱ्या, मॅग्नेटोचे सुटे भाग आणि कागदांची फाइल त्याच्या वर ठेवा.

दर आठवड्याला सिलिका जेल बघायचं. निळं म्हणजे कोरडं, गुलाबी झालं की बदलायचं. काढलेलं भट्टीत सुकवून परत वापरता येतं.

प्रॉपेलरला एक पाटी टांगा: 'फिरवू नका'. एकदा जरी कोणी गंमत म्हणून फिरवला तरी पिस्टन भिंतींवरचा ऑइलचा थर पुसून नेतो आणि तेवढ्याच जागी गंज धरतो. ऑक्टोबरमध्ये पाटी काढली की आधी ७, ८ आणि ९ चे प्लग काढायचे. त्यातून काय गळतं ते बघूनच पुढचा रविवार ठरवायचा.